विश्लेषण : विनोदी प्रवासवर्णनाचे नाटक कसे होते? वऱ्हाडातल्या हौशी नाट्यसंघांनी आधी काय पाहावे?

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे नाव कानावर पडले की अमरावती-अकोल्याच्या माणसाला क्षणभर आपलाच मुलूख लंडनला निघाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात या नावातले वऱ्हाड म्हणजे लग्नाचे वऱ्हाड आणि त्यातली बोली मराठवाड्याची. तरीही प्रवास आणि विनोद एकत्र घेऊन गाजलेल्या मराठी प्रयोगांमध्ये हेच नाव आधी आठवते. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की नव्या संहितेचा शोध सुरू होतो आणि कुणाच्या तरी हातात आवडते विनोदी प्रवासवर्णन असते. ‘यावर नाटक करू’ हे म्हणणे सोपे. पण वाचताना पोट धरून हसवणारे पान रंगमंचावर थंड का पडते? परवानगी कुणाची लागते? आणि वऱ्हाडी बोलीचे स्थान त्यात काय?

पुस्तकात येणारे हसू रंगमंचावर का हरवते?

प्रवासवर्णनातला विनोद बहुतेक वेळा प्रसंगात नसतो, तो सांगणाऱ्याच्या डोक्यात असतो. गाडी चुकली, हॉटेलात नको तो पदार्थ पुढे आला, परक्या गावात पत्ता सापडेना, हे प्रसंग कुणाच्याही वाट्याला येतात. लेखक त्यावर मनात काय बोलतो, त्यातून हसू फुटते. रंगमंचावर प्रेक्षकाला नटाचे मन दिसत नाही. दिसते ती कृती आणि ऐकू येतो तो शब्द. त्यामुळे लेखकाचे ‘मनातले’ कुठे ठेवायचे, हा रूपांतराचा पहिला प्रश्न ठरतो.

दुसरी अडचण रचनेची. प्रवासवर्णन एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते. प्रत्येक मुक्कामावर नवी माणसे भेटतात आणि मागे पडतात. वाचकाला यात मजा वाटते, कारण तो पुस्तक केव्हाही मिटून ठेवू शकतो. प्रेक्षक दोन तास एका खुर्चीत बसलेला असतो. ‘पुढे काय होणार’ हा धागा नसेल, तर पाचव्या गावानंतर त्याला सहलीचे फोटो दाखवणाऱ्या नातेवाइकाच्या घरी अडकल्यासारखे वाटू लागते.

पुलंच्या कामातून काय दिसते?

पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये पुस्तकरूपाने आले. मराठीतल्या विनोदी प्रवासवर्णनांचा विषय निघाला की पहिले नाव याच पुस्तकाचे निघते. मात्र त्यानंतरच्याच वर्षी, १९६१ मध्ये, पुलं एकट्याने रंगमंचावर उभे राहिले ते ‘बटाट्याची चाळ’ घेऊन. पुढे ‘असा मी असामी’चेही त्यांनी प्रयोग केले.

या निवडीत रूपांतर करणाऱ्यांसाठी एक धडा आहे. चाळीतली माणसे ठरलेली असतात. ती पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांचे स्वभाव आणि एकमेकांशी असलेले हेवेदावे प्रेक्षकाच्या ओळखीचे होतात. प्रवासातली माणसे एकदाच भेटतात. ‘बटाट्याची चाळ’मध्ये ‘भ्रमण मंडळ’ हे चाळकऱ्यांच्या सहलीचे प्रकरण आहे. तिथे प्रवास आहे, पण माणसे तीच आहेत. म्हणजे रंगमंचावर प्रवास चालतो. अट एवढीच, की प्रवासी घोळक्याने निघालेले असावेत आणि त्यांना एकमेकांपासून सुटका नसावी.

‘वऱ्हाड’ने नेमके काय साधले?

डॉ. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवत. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चा पहिला प्रयोग १९७९ मध्ये झाला. एकटा नट ५२ पात्रे उभी करतो, हे त्याचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य. या प्रयोगाची नोंद गिनीज बुकात झाली. २००९ मध्ये देशपांडे यांचे निधन झाल्यानंतर अभिनेते संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुढे नेला.

हे कोणत्या प्रवासवर्णनाचे रूपांतर नव्हे. संहिता देशपांडे यांनी रंगमंचासाठीच लिहिली. पण रूपांतर करणाऱ्याने तीन गोष्टी इथून उचलाव्यात. पहिली, प्रवासाला कारण आहे. लग्न असल्यामुळे तिथी ठरलेली आणि जाणे चुकवता येत नाही. दुसरी, प्रवासी एकाच घरातले आणि गावातले आहेत. त्यांचे जुने रागलोभ सामानाबरोबर विमानात चढतात. तिसरी, हसू लंडनच्या इमारतींवर येत नाही. खेड्यातला माणूस परक्या शिस्तीला आपल्या पद्धतीने सामोरा जातो, त्यातून ते येते.

रूपांतराच्या वाटा किती?

ढोबळ मानाने चार.

एकपात्री. सांगणाराच प्रवासी आणि भेटणारी सगळी माणसेही तोच. लेखकाचे ‘मनातले’ थेट प्रेक्षकाशी बोलता येते, हा मोठा फायदा. नेपथ्याचा आणि दौऱ्याचा खर्चही कमी. पण सगळा भार एका नटावर. आवाज, लकब आणि शरीर क्षणात बदलणारा नट हाताशी नसेल, तर हा मार्ग धरू नये. अमेरिकेत मार्क ट्वेन यांनी उलटी वाट घेतली होती. हवाई बेटांच्या प्रवासावर ते १८६६ पासून रंगमंचावरून व्याख्याने देत होते. ‘इनोसंट्स अब्रॉड’ हे त्यांचे गाजलेले प्रवासवर्णन १८६९ मध्ये आले. पुढे हॅल होलब्रूक या नटाने ट्वेन यांचीच भूमिका करत त्यांच्या लेखनाचा एकपात्री प्रयोग अनेक दशके चालवला.

वाटलेले निवेदन. निवेदक एकच, पण त्याचे बोलणे तीन-चार नट आपसांत वाटून घेतात आणि बाकीची पात्रेही तेच करतात. ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘ट्रॅव्हल्स विथ माय आंट’ या विनोदी प्रवास-कादंबरीचे जाइल्स हॅवरगल यांनी १९८९ मध्ये ग्लासगोत असेच रूपांतर केले. चार पुरुष नटांनीच भाचा, मावशी आणि वाटेत भेटणारी सगळी माणसे उभी केली. स्पर्धेतल्या संघासाठी ही सर्वांत सोयीची वाट म्हणता येईल. लेखकाची भाषा टिकते, एका नटावर ताण येत नाही आणि निवेदक स्वतःशीच वाद घालताना दिसतो.

पूर्ण नाट्यरूपांतर. निवेदन काढून सगळे संवादात आणायचे. जेरोम के. जेरोम यांचे ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) ब्रिटनमध्ये अनेकदा रंगमंचावर आले, कारण तीन मित्र, एक कुत्रा आणि एक होडी एवढ्यात संघर्षाची सोय झालेली आहे. एकट्याने केलेल्या प्रवासाच्या पुस्तकाला मात्र या मार्गाने न्यायचे तर सोबती नव्याने घडवावा लागतो. तिथे मूळ लेखकाच्या वारसांचा आक्षेप येऊ शकतो.

अभिवाचन. नेपथ्य नाही, पाठांतराची सक्ती नाही. संपादित मजकूर दोन-तीन जणांनी समोर बसून वाचायचा. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन डॉ. वीणा देव, डॉ. विजय देव आणि मृणाल देव-कुलकर्णी यांनी वर्षानुवर्षे केले आणि त्याला हक्काचा श्रोता मिळवला. नव्या संघाने आधी अभिवाचन करून पाहिले, तर कुठे हसू येते आणि कुठे श्रोता मोबाइल काढतो, हे फुकटात कळते.

एका वाक्याचे दृश्य कसे होते?

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा पुस्तकात असे वाक्य आहे : ‘गाडी इतकी हळू चालली होती, की उतरून विहिरीवर पाणी पिऊन पुन्हा चढता येत होते.’ नटाने हे वाक्य जसेच्या तसे म्हटले, तर प्रेक्षक फार तर गालात हसेल. आता रंगमंचावर फक्त तीन खुर्च्या ठेवा. दोघे बसून हिसके खात आहेत. तिसरा शांतपणे उठतो, विंगेत जातो. थोड्या वेळाने मिशा पुसत परत येतो आणि बसतो.

‘कुठी गेल्ता रे?’
‘पानी प्याले.’
‘अन् गाडी सुटली असती त?’
‘सुटलीच हाये नं. तिच्याच मांगून आलो.’

अतिशयोक्ती तीच राहिली, पण ती सांगितली गेली नाही, घडली. हसू वाक्यातून निघून माणसाच्या निवांतपणात गेले. रूपांतराची कसोटी हीच आहे. प्रत्येक विनोदी वाक्यासमोर तीन पर्याय लिहावेत : हे घडवता येईल का, निवेदकाने सांगावे का, की गाळावे? तिन्ही रकाने भरले की संहितेचा आराखडा निम्मा तयार होतो.

किती कापावे लागते?

साधे गणित करून पाहू. नट मिनिटाला सुमारे १२० शब्द बोलतो असे धरले, तर दोन तासांत १४,४०० शब्द होतात. हालचाल, हशा आणि प्रसंगबदल धरले तर बारा हजारांच्या पुढे जाऊ नये. दोनशे पानांच्या पुस्तकात पानाला अडीचशे शब्द धरले, तरी ५० हजार होतात. म्हणजे तीन चतुर्थांश पुस्तक गाळायचेच आहे.

काय गाळायचे? सर्वांत आधी स्थळवर्णन. समुद्र, डोंगर, राजवाडा रंगमंचावर शब्दांनी उभा करण्यात वेळ जातो आणि हाती फार काही लागत नाही. मग माहिती आणि इतिहास. मग पुन्हा येणाऱ्या गमती. तीन स्टेशनांवर तीनदा चहा सांडला असेल, तर एकदाच सांडावा, पण नीट. काय ठेवायचे? प्रवाशाला काहीतरी हवे असून ते मिळत नाही, असा प्रत्येक प्रसंग. तिकीट, जागा, जेवण, झोप, इभ्रत. या पाच गोष्टींवर विनोदी प्रवासाचे नाटक उभे राहते.

परवानगी कुणाची आणि कशी?

इथे अनेक संघ अडखळतात. तालीम रंगात येते, तेव्हा कुणाला तरी हक्कांची आठवण होते.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीचे नाटकात रूपांतर करण्याचा हक्क हा लेखकाच्या हक्कांपैकीच एक आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे तो त्याच्या वारसांकडे किंवा ज्याला दिला असेल त्याच्याकडे राहतो. पुलंचे निधन २००० मध्ये झाले. म्हणून त्यांच्या लेखनावरील हक्क २०६० च्या अखेरपर्यंत आहेत. गो. नी. दांडेकर १९९८ मध्ये गेले. तिथे ही मुदत २०५८ च्या अखेरची. जेरोम १९२७ मध्ये वारले, म्हणून मूळ इंग्रजी पुस्तक भारतात खुले आहे. मात्र त्याचा अलीकडचा मराठी अनुवाद वापरायचा असेल, तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो.

कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. शिक्षणसंस्थेतल्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी संस्थेशी संबंधित प्रेक्षकांपुढे केलेला प्रयोग किंवा हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला प्रयोग हक्कभंग मानला जात नाही. पण ही सवलत प्रयोगापुरती आहे. ती सगळ्या रूपांतराला, तिकिटाच्या प्रयोगाला किंवा यूट्यूबवर टाकलेल्या चित्रीकरणाला पुरेल असे गृहीत धरू नये.

सुरक्षित मार्ग म्हणजे लेखी परवानगी. त्यात किती प्रयोग, कोणत्या भागात, किती काळ, चित्रीकरण चालेल का आणि मानधन किती, हे स्पष्ट असावे. कालावधी लिहिला नसेल, तर कायदा तो पाच वर्षांचा मानतो. प्रकाशकाकडे नेहमीच नाट्यरूपांतराचा हक्क असतो असे नाही. अनेकदा तो लेखकाच्या घरीच असतो, म्हणून दोन्हीकडे विचारावे.

याशिवाय सार्वजनिक प्रयोगासाठी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. प्रवासाच्या प्रसंगात चित्रपटगीत वाजवायचे असेल, तर त्याचे हक्क वेगळे. आणि आठवणींच्या पुस्तकातली माणसे खरी असतात. पानावरची कोपरखळी त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी पचवलेली असेल, पण सभागृहभर हशा उठला की ती वेगळी बोचते. नावे बदलणे हा त्यावरचा सोपा उपाय.

वऱ्हाडी बोलीचे स्थान काय?

इथे वऱ्हाडातल्या संघांसाठी प्रश्न नुसत्या तंत्राचा राहत नाही. मराठी नाटकांत आणि मालिकांत वऱ्हाडी बोली बहुधा गमत्या पात्राच्या वाट्याला येते. ‘मले-तुले’, ‘करून राह्यला’, ‘डोळ्या’चा ‘डोया’ झाला की लगेच हशा. बोलणाऱ्याने काही विनोदी म्हटलेलेही नसते. तो हशा विनोदाला नसतो, माणसाच्या तोंडाला असतो.

प्रवासवर्णनात हे उलटवण्याची सोय आहे, कारण तिथे जग ज्याच्या नजरेतून दिसते, तो निवेदक असतो. निवेदकच वऱ्हाडीत बोलू लागला, तर वऱ्हाडी ही सभागृहाची प्रमाण भाषा होते. मग विचित्र ठरतात ती पुण्या-मुंबईची, लंडन-दुबईची माणसे आणि त्यांचे नियम. अमरावतीच्या प्रेक्षकाला बोली कळते, म्हणून तो बोलीवर हसणार नाही, मुद्द्यावर हसेल. प्रयोग पुढे नाशिक-कोल्हापूरला गेला, तर तिथल्या प्रेक्षकालाही दहा मिनिटांत कान लावावा लागेल. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ने मराठवाडी बोलीबाबत नेमके हेच करून दाखवले.

हीच नजर दुसऱ्या बाजूनेही तपासावी लागते. चिखलदऱ्याच्या सहलीवर नाटक बसवताना वाटेत भेटणारा कोरकू माणूस नुसता हशासाठी उभा केला, तर जे आपल्याला खटकते, तेच आपण त्याच्याशी केले असे होईल. चांगल्या प्रवासवर्णनात लेखक सर्वांत जास्त स्वतःची फजिती सांगतो. रूपांतरात कात्री चालवताना तीच पाने आधी जातात, कारण नटाला दुसऱ्यांच्या नकला करायला आवडतात. ती पाने वाचवणे हे दिग्दर्शकाचे काम.

वऱ्हाडात साहित्य कुठे सापडेल?

दूर जायची गरज नाही. गो. नी. दांडेकर यांचा जन्म १९१६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यात झाला. त्यांचे नर्मदा परिक्रमेवर आधारलेले ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ विनोदी नाही, पण एकट्या भटक्याचे मन कसे मांडावे याचा तो उत्तम नमुना आहे.

विनोदासाठी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हा घरचाच आधार आहे. वऱ्हाडात वकिली करता करता त्यांनी नाटकेही लिहिली आणि ‘सुदाम्याचे पोहे’ही लिहिले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्यातले त्रिकूट. ते प्रवासवर्णन नव्हे, पण तीन स्वभावांची माणसे एका कामाला लागली की घोळ कसा वाढतो, हे तिथे शिकता येते. कोल्हटकर १९३४ मध्ये गेले, म्हणजे हक्कांचा अडसरही उरलेला नाही. भाषा शंभर वर्षांपूर्वीची असल्याने तिला मात्र आजच्या तोंडात बसवावे लागेल.

आणि पुस्तकच हवे असेही नाही. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरकडे आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळकडे धावणारी शकुंतला ही नॅरोगेज गाडी काही वर्षांपासून बंद आहे. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. तिच्यातून प्रवास केलेली एक पिढी अजून गावोगावी आहे आणि प्रत्येकाकडे किमान एक किस्सा आहे. ते किस्से ज्याचे त्याला विचारून नोंदवले, तर छापील प्रवासवर्णनाच्या तोडीचा ऐवज जमेल. तीन खुर्च्यांची गाडी, वऱ्हाडीत बोलणारा निवेदक आणि एका डब्यात अडकलेली एकाच गावची माणसे : अमरावती किंवा अकोल्याच्या केंद्रावर पडदा उघडायला एवढे पुरेसे आहे. लंडनचे तिकीट नंतर काढता येईल.